उसवायचं मशीन

दुकानदाराने पुन्हा तीच करवत काउंटरवर आणून ठेवली, तेव्हा धाकटीचा पारा चढला.

"मॅडम, माझं ऐका. जुना डेक पाडायचाय म्हणालात ना? मग हीच घ्या. हिचं पातं मागे-पुढे पळतं आणि लाकूड, खिळा, स्क्रू, जे समोर येईल ते कापत सुटतं. दुपारच्या चहाच्या आत अंगण मोकळं."

"मला कापायचं नाहीये. मला उसवायचंय."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. लाकूड उसवणारं गिऱ्हाईक त्याने आजवर पाहिलं नसावं. पण धाकटीला दुसरा शब्द सुचत नव्हता, आणि सुचला असता तरी तिने हाच वापरला असता. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं शिवणाचं दुकान होतं. तिथे नवे कपडे कमी, दुसऱ्यांनी बिघडवलेले जास्त. असा कपडा हाती आला की कच्चा कारागीर आधी कात्री उचलतो. धाकटी कधीच उचलत नसे. कात्रीने काम झटपट होतं खरं, पण कोणी काय घोळ घातला होता तेही कात्रीबरोबरच जातं. टाका न् टाका उसवला की सगळं कळतं. घाई कुठे केली, दोरा कुठे कच्चा वापरला, आणि आतल्या बाजूला कोण बघतंय म्हणून लांब लांब टाके घालून वेळ कुठे मारून नेली, ते सगळं कापड आपणहून सांगतं.

तिला भाऊजींचं काम उसवायचं होतं, आणि तेही चारचौघांत.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नोकरी बॅगांच्या शोरूममध्ये मॅनेजरची, पण सासुरवाडीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की ते इंजिनिअरही असत, डॉक्टरही असत, आणि वेळ पडली तर वकीलही. आई आणि धाकटी राहायच्या त्या घरामागे छोटं अंगण होतं. तिथे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटा करावा, संध्याकाळी खुर्ची टाकून बसावं, एवढीच आईची हौस. "कारागीर कशाला हवाय? मी मेलोय का?" म्हणत भाऊजींनी एका शनिवारी-रविवारी तो उभा केला. त्यानंतर घरात येईल त्या पाहुण्याला ते हाताला धरून मागे नेत आणि फळ्यांवर पाय आपटून सांगत, "नाचवा हत्ती!"

हत्ती काही आला नाही. एके सकाळी आई झाडांना पाणी घालायला गेली आणि डेकचा कोपरा तिला घेऊन खाली बसला. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात डोळे उघडल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते असं, "आधी टक असं वाजलं. मग मी खाली गेले." कोणी लक्षच दिलं नाही. भाऊजी तोवर डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते. "कुंड्या हो! मी हजारदा बजावलं होतं, त्या कोपऱ्यात कुंड्यांचा ढीग लावू नकोस म्हणून. पण मेव्हणीबाई ऐकतील तर शपथ." आणि आईला ऐकू आला तो आवाज? कुंडी फुटल्याचा, दुसरं काय!

हजारदा सोडाच, ते एकदाही बोलले नव्हते. कुंड्याही मोजून तीन होत्या, एकेक कमरेवर घेऊन धाकटी सहज फिरायची. पण त्या दिवशी ती डोकं धरून बाकावर बसली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तो फुटेपर्यंत खापर तिच्या डोक्यावर फुटून झालं होतं. पुढे काही म्हणायला गेली की लोक समजुतीने मान हलवत, आणि ती समजूत तिला शिवीपेक्षा जास्त झोंबे. दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या बायकासुद्धा जाता जाता म्हणत, "आईंना जपायला हवं होतं हो जरा."

हॉस्पिटलातून आई परस्पर थोरलीकडे गेली. "तिकडे सुरक्षित नाही," हा निकाल भाऊजींनी दिला आणि तो कायम झाला. त्यांच्या घरी पलंगापासून बाथरूमपर्यंत पॅसेजच्या भिंतीला त्यांनी लाकडी दांडी लावून दिली, आईला धरून चालता यावं म्हणून. धाकटी भेटायला गेली की ते त्या दांडीवर थाप मारत. "बघून ठेवा मेव्हणीबाई. काळजी घेणं म्हणजे काय ते." आई दांडी धरून हळूहळू चालायची, आणि धाकटी बघत राहायची. जी आई तिच्याशिवाय कधी चहा पीत नसे, ती आता तिला पाहुणीसारखा चहा विचारायची.

आदल्याच दिवशी दुपारी तिने धीर केला. पाहुण्यांसकट सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाली, "आई, आता घरी चल ना."

भाऊजी हसले. "आधी अंगण नीट करा. सासूबाईंचं दुसऱ्या बाजूचं हाड अजून शाबूत आहे म्हटलं!" पाहुणे खो खो हसले. थोरलीही हसली, ताटाकडे बघत. आई हसली नाही, पण बोललीही नाही.

धाकटीसुद्धा हसली. हसतच घरी आली, पाठीमागचं दार उघडलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मोडक्या कोपऱ्यावरची ताडपत्री बाजूला केली. इतके दिवस तिकडे बघायची छाती झाली नव्हती. खाली वाकून तिने लोंबत्या वाशाखाली हात घातला तेव्हा बोटांना काहीतरी टोचलं. बारीक, काळा, डोकं उडालेला स्क्रू. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. ते दोन्ही रुमालात बांधून ती दुसऱ्या दिवशी हत्यारांच्या दुकानात आली होती.

तिने रुमाल काउंटरवर सोडला.

"हे कुठून काढलंत?" दुकानदाराने विचारलं.

"डेकच्या खालून. वासा भिंतीलगतच्या तुळईला पत्र्याच्या खोबणीत बसवतात ना, तिथून."

"काहीतरीच. हे तर छताला ते पांढरे बोर्ड मारतात त्याचे आहेत. बोर्डाला उत्तम. पण वजन पेलायला लावलं की हे वाकतबिकत नाहीत, सरळ तुटतात." त्याने खणातून जाड, चकचकीत स्टीलचा स्क्रू काढून शेजारी ठेवला. "तिथे हा लागतो. कोणी केलं हे काम?"

"आहेत एक तज्ज्ञ," धाकटी म्हणाली. "मला मोडून दाखवा."

मशीन आजमावून बघायला काउंटरच्या टोकाला एक जुनी जाड फळी ठेवलेली होती. दुकानदाराने आधी साधं ड्रिल लावलं. ते शहाण्यासारखं गुरगुरत स्क्रू आत घालून थांबलं. धाकटीने नाक मुरडलं. मग त्याने एक बुटकं मशीन काढलं. "हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. नुसता फिरवत नाही, फिरवता फिरवता ठोके देतो. गंजलेलं, अडकलेलं, सगळं हलवतो. पण कच्चा स्क्रू असेल तर याच्यापुढे टिकायचा नाही, आधीच सांगतो."

"टिकायला नकोच आहे."

त्याने नवा काळा स्क्रू फळीत घातला. मशीन कडकडकड करत ठोके देऊ लागलं, स्क्रू पुरता आत गेला, अजून एक ठोका बसला आणि टक. डोकं उडून काउंटरवर पडलं.

आवाज लहान होता, कोरडा. सुकलेली काटकी मोडावी तेवढाच. धाकटीच्या अंगावर काटा आला. आईचा शब्द अगदी बरोबर होता. मग तिला इतका आनंद झाला की तिलाच स्वतःची भीती वाटली. एखादं माणूस तोंडावर आपटणार म्हणून असं गुदगुल्या झाल्यासारखं हसू यावं, असं तिला आजवर कधी झालं नव्हतं. तिने स्टीलचाही स्क्रू आत-बाहेर करून घेतला. तो कुरकुरला, पण अख्खा बाहेर आला.

"हेच द्या. पण मूठ मोठी असलेलं दाखवा."

"तुमच्या हाताला हे छोटंच बरं पडेल मॅडम."

"चालवणारे दुसरे आहेत. त्यांचा पंजा मोठा आहे. त्यांच्या हातात झकास बसलं पाहिजे, खाली ठेववणार नाही असं."

दुकानदाराने तिला बाकीचंही काढून दिलं. नव्या डेकसाठी गोल पात्याची करवत, कडा घासायचं मशीन, आणि एक लांब प्रवचन की सगळी एकाच जातीची घ्या म्हणजे बॅटरी याची त्याला चालते. धाकटीने सगळं नीट ऐकलं, करवत दोन्ही हातांनी तोलून बघितली, पातं किती खोल जातं ते विचारलं. ते खरोखर लागणारच होतं. आधी उसवायचं आणि मग नव्याने शिवायचं, हा तिचा रोजचाच धंदा. पण घरी जाताना रिक्षात बाकी सगळं पायाशी होतं आणि बुटकं मशीन मांडीवर.

त्याच संध्याकाळी तिने भाऊजींना फोन लावला आणि त्यांना हरभऱ्याच्या झाडावर असं काही चढवलं की वा. नवा डेक करायचाय, पण तुमच्याशिवाय कोणाला कळणार, आपल्या घरात हातात कसब आहे ते एकट्या तुमच्या. मशीन आणून ठेवलीत, पण मला मेलीला साधं बटण सापडत नाही. भाऊजी विरघळले. फक्त एक अट होती तिची. आईलाही घेऊन या. "तिला बघू दे, तिचे जावई काय करतात ते."

रविवारी सकाळी ते तिघे आले. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आणलं. दोन वर्षांनी ती या घरात येत होती. तिने ओट्यावरून हात फिरवला, डबे होते तसेच आहेत का पाहिलं, आणि पदर सावरून अंगणाकडे तोंड करून बसली. थोरलीने बाह्या वर केल्या. भाऊजींनी गाडीतून एक लांबलचक पिशवी काढली.

ती करवत होती. तीच, मागे-पुढे पळणारी. कुठूनतरी मागून आणली होती.

धाकटीने आधी त्या पात्याकडे, मग वाशांकडे पाहिलं. एकदा का ते पातं वाशांमधून फिरलं की स्क्रूंचे तुकडे ढिगाऱ्यात जाणार, ढिगारा कचऱ्यात जाणार, आणि कुंड्या तेवढ्या जन्मभर तिच्या डोक्यावर राहणार.

"कशाला उगाच तुमचे हात दमवता भाऊजी," ती गोड आवाजात म्हणाली. "लाकूड अजून धडधाकट आहे, तुमची निवडच तशी. वासे पुन्हा वापरू. नुसते स्क्रू काढायचेत." आणि तिने बुटकं मशीन त्यांच्या पंज्यात ठेवलं. ते बसलं म्हणजे काय, मापाने शिवलेलं असावं तसं बसलं. भाऊजींनी बटण दाबून हवेतच दोनदा कडकडाट केला आणि खूश होऊन पिशवी भिंतीला टेकवून ठेवली.

वरच्या फळ्यांचं काम मजेत झालं. फळ्यांना चांगले चकचकीत स्टीलचे स्क्रू होते, ओळीत, एका अंतरावर. ते कुरकुरत अख्खेच्या अख्खे वर येत, आणि दर स्क्रूमागे भाऊजी आईकडे वळून म्हणत, "बघा, अजून नवाकोरा!" धाकटी एकेक उचलून वाटीत टाकत होती. थोरली फळ्या भिंतीशी रचत होती. ऊन वर आलं तसा डेकचा सांगाडा उघडा पडत गेला.

आणि भाऊजींची बडबड कमी होत गेली. शेवटच्या फळ्या निघाल्या तेव्हा ती साफ थांबली. खाली प्रत्येक वाशाच्या टोकाला, पत्र्याच्या प्रत्येक खोबणीत, काळी बारीक डोकी दिसत होती. दिसेल तिथे स्टील, झाकलं जाईल तिथे हे. अस्तराच्या आत कच्चा दोरा घालणारे शिंपी धाकटीने पुष्कळ पाहिले होते, पण त्यांच्यापैकी कोणी हत्ती नाचवायला बोलावलं नव्हतं.

"आता खालचं मी कापून टाकतो," भाऊजी घाईने म्हणाले. "गंजलंय सगळं. निघायचं नाही."

"असं कसं? तुमच्यासारख्याला दोन स्क्रू जड?" धाकटी करवतीच्या आणि त्यांच्या मधोमध उभी राहिली. "बघ की ग आई, भाऊजी नाही म्हणतायत."

आई दारातून म्हणाली, "काढा हो जावईबापू. तुम्हाला काय अवघड!"

जावयाला माघार घेता येईना. त्यांनी गुडघा टेकला, मशीन लावलं, बटण जरा घाबरतच दाबलं. कडकडकड.

टक.

डोकं उडून फरशीवर टणटणत गेलं. भाऊजी म्हणाले, "गंज, गंज." पुढच्याला लावलं. टक.

दारात खुर्चीचं चाक करकरलं. आई पुढे सरकली होती. "थांबा," ती म्हणाली. "पुन्हा करा."

"अहो आई, ते गंजलेलं असतं ना, म्हणजे—"

"पुन्हा करा म्हणते ना."

इतक्या वर्षांत आईला जावयाशी या सुरात बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. भाऊजींनी करून दाखवलं. टक. आईने डोळे मिटले. खुर्चीच्या हातांवरची तिची बोटं पांढरी पडली.

"हाच," ती म्हणाली. "मी पडले त्याच्या आधी हाच वाजला होता. कुंडी नव्हती ती. मी सांगत होते तुम्हाला."

ही घटका धाकटीने मनात इतक्यांदा शिवून ठेवली होती की तिला आता फक्त बटणं लावायची होती. वाटीतला स्टीलचा स्क्रू तिने पायरीवर ठेवला. शेजारी फरशीवरचं काळं डोकं ठेवलं. मग रुमालातले दोन तुकडे.

"हे तुमचं दिसणारं काम, भाऊजी. आणि हे न दिसणारं. काळे स्क्रू छताच्या बोर्डांचे असतात, दुकानात विचारलं तर कोणीही सांगेल. तुम्ही माझ्या आईला त्यावर उभं केलंत. आणि ती पडल्यावर माझ्या तीन कुंड्या साऱ्या दुनियेला सांगत फिरलात. दोन वर्षं! लोकांनी मला आईला पाडणारी म्हटलं, मी ऐकून घेतलं. आता एकदा तुमच्या तोंडाने सांगा, कोणी पाडलं ते."

तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही. भाऊजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान, मग सगळं तोंड, आणि ती ते डोळे भरून बघत राहिली. गोड लागत होतं. खोटं कशाला सांगा, फार गोड लागत होतं.

भाऊजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांना वाट सापडली. अशा माणसांना ती नेहमी सापडते.

"स्क्रू काय मी आणले होते?" ते मशीन खाली ठेवून उभे राहिले. "हिला पाठवलं होतं दुकानात. हिनेच आणले. विचारा ना हिला! मी इकडे उन्हात मरत होतो, आता मी काय प्रत्येक पुडकं फोडून बघत बसू?"

थोरलीच्या हातात फळी होती. ती तिने खाली ठेवली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज इतका हळू की सगळ्यांना कान द्यावा लागला. "दुकानात ते दुसरे संपले होते. मी तिथून फोन करून म्हटलं, हे चालतील ना? तुम्ही म्हणालात, आण, खाली कोण बघतंय."

"हे बघ, तू बायकांच्या अकलेने—"

"आणि मारले तुम्हीच. एकेक करून."

"म्हणजे आता सगळं माझ्यावर? वा! घरच्या बाईला साधा स्क्रू आणता येत नाही आणि—"

तो पट्टा पुढे बराच चालला. शब्द तेच होते. हजारदा सांगितलं होतं, ऐकतील तर शपथ, मी म्हणून निभावतो. फक्त कुंड्यांच्या जागी आता थोरली होती. धाकटीने बहिणीकडे पाहिलं. थोरलीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून शब्द येत नव्हता. हा चेहरा धाकटीला ओळखीचा होता. हॉस्पिटलात हात धुवायच्या जागेवरच्या आरशात तिने तो पाहिला होता, स्वतःचा. गोड होतं ते सगळं तिच्या तोंडात कडू झालं.

"पुरे," आई म्हणाली. "जावईबापू, गाडीत जाऊन बसा."

ते काहीतरी बोलणार होते. पण आई त्यांच्याकडे बघतच राहिली, तेव्हा ते गेले. जाताना लांब पिशवी घ्यायला विसरले नाहीत.

धाकटी आईच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. आई आता घरी राहील याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आतल्या खोलीत तिने पलंग घालून ठेवला होता, नवी चादर, आईच्या आवडीची बारीक फुलांची. एवढ्याचसाठी तर सगळं. "आई, आता राहा ना इथेच. तुझी खोली तयार आहे. ताई कपडे पाठवून देईल."

आईने तिच्या केसातला लाकडाचा भुसा झटकला. "नाही बाळा."

"अग पण आता तर सगळ्यांना कळलं ना!"

"कळलं. तुझं नाव धुतलं गेलं, बरं झालं. ते माझ्याच्याने झालं नाही." आई थांबली. तिने अंगणात बघितलं. थोरली अजून तशीच फळी धरून उभी होती. "मला तो आवाज आठवत होता. मला माहीत होतं कुंडी नाही ते. एकदा बोलले, कोणी ऐकलं नाही, मग जावयाशी कशाला वाद म्हणून गप्प बसले. तुझी पाळी होती तेव्हा मी मूग गिळले. आता तिची पाळी सुरू झाली. त्या घरात तिच्या बाजूने कोणीतरी हवं."

"आणि माझ्या बाजूने?" हे धाकटीच्या तोंडून निघून गेलं. लहान मुलीसारखं निघालं, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"तू आहेस की," आई म्हणाली. "बघितलं ना मी आत्ता."

धाकटीने आईच्या मांडीवर कपाळ टेकलं आणि दात ओठ खात रडली. सूड पुरता उगवला होता, आणि ज्याच्यासाठी उगवला तेच हातून चाललं होतं. भाऊजींना तिने थोरलीच्या देखत नागडं केलं नसतं, एकट्याला गाठून झापलं असतं, तर कदाचित आई आज त्या पलंगावर निजली असती. पण मग तो टक आवाज आईने ऐकला नसता. पुन्हा वेळ आली असती तरी तिने हेच केलं असतं, हेही तिला कळत होतं, म्हणून जास्तच रडू येत होतं.

खुर्ची गाडीकडे नेताना थोरली दारातून मागे फिरली. अंगणात गेली आणि जमिनीवर पडलेलं बुटकं मशीन तिने उचललं.

"हे मला दे चार दिवस."

"कशाला?"

"पॅसेजमधली दांडी," थोरली म्हणाली. "तीही यांनीच लावलीय."

आई ती दांडी रोज धरत होती. पहाटे, दुपारी, रात्री उठली की. सगळा भार टाकून. सुडाच्या नादात हे धाकटीच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती धावत आत गेली, चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणली, स्क्रूत बसणाऱ्या टोकांची डबी आणली, आणि मशीन कसं धरायचं, भार कसा द्यायचा, बोट कुठे ठेवायचं नाही, सगळं थोरलीला दोनदा सांगितलं. थोरलीची बोटं त्या मोठ्या मुठीला जेमतेम पुरत होती. "दोन्ही हातांनी धर," धाकटी म्हणाली. "आणि तोवर आईला दांडीला हात लावू देऊ नकोस."

दिवेलागणीच्या सुमारास फोन वाजला. धाकटी अंगणात होती. जुने वासे तिने साध्या पेचकसाने आणि अंगातल्या रागाने मोकळे करून रचले होते आणि नव्या लाकडावर खुणा करत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी अगदी सपाट, उंबरा न ठेवता. चाकाची खुर्ची कधी आली तर अडायला नको.

"मी पलंगावर बसलेय," आई म्हणाली. "घाबरू नकोस. दांडी धरलेली नाही. नुसतं ऐक."

आईने फोन पुढे धरला असावा. आधी लांबून कडकडाट आला, अडखळत, थांबत, हात नवखा असल्यासारखा. मग तो सलग झाला.

टक.

धाकटीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. पुन्हा कडकडाट, पुन्हा टक. थोडा वेळ शांतता, आणि मग टक. थोरलीचा हात बसत चालला होता.

"भाऊजी कुठेत?" धाकटीने विचारलं.

"इथेच आहेत. दांडी खाली पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे आहेत. ती सोडू देत नाही." आईच्या आवाजात काहीतरी होतं जे धाकटीने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "हात दुखतात म्हणाले. ती म्हणाली, दुखू देत."

धाकटी पायरीवर बसली. हसू आलं का रडू, ते तिचं तिला कळलं नाही. मग फोनमध्ये धाप लागलेला थोरलीचा आवाज आला.

"धाकटे, उद्या दुकानात जातेय मी. कुठले आणू ते नीट सांग. यांना नाही विचारणार."

धाकटीने पायरीवरचा स्टीलचा स्क्रू उचलला, उजेडात धरला, आणि त्याची लांबी, जाडी, डोक्याचा आकार, सगळं हळूहळू, थोरलीला लिहून घेता येईल असं सांगायला सुरुवात केली.